मद्रासचे घड्याळ आणि मिथुन राशीतला तारा

रेल्वेतल्या माणसाने स्मरणिकेत ताऱ्यांवर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमचा संबंध रूळ, स्लीपर, खडी आणि ब्लॉकशी. आकाशाकडे आम्ही बघतो ते पावसाळ्यात, भराव खचेल की काय या काळजीपोटी. पण आपल्या देशात रेल्वे आणि तारे यांचे नाते जुने आहे, आणि ते एका घड्याळाने जुळलेले आहे. त्या घड्याळाची आणि एका लहानशा ताऱ्याची हकीकत या वर्षी सांगायची आहे.

नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटरगेज लाइन १८८२ साली आली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने ही लाइन ताब्यात घेतली, ब्रॉडगेज केली आणि रायपूर-बिलासपूर करत १८९१ च्या फेब्रुवारीत आसनसोलला नेऊन जोडली. सिलतऱ्याजवळच्या मांढर स्टेशनातून आज मालगाड्यांची रांग लागलेली असते, तो हाच मार्ग. त्या काळी या गाड्या कोणत्या घड्याळाने चालत? आजची भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची. तिच्याआधी मुंबईचे घड्याळ निराळे आणि कलकत्त्याचे निराळे, दोहोंत तासाभराचे अंतर! रेल्वेने तोडगा म्हणून १८७० नंतर मधली मद्रासची वेळ धरली. आजच्या वेळेपेक्षा ती सुमारे नऊ मिनिटे मागे. मुंबईकरांना ती मुळीच मानवली नाही. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी शहरावर ती लादून पाहिली आणि दोन वर्षांत माघार घेतली. पण गाडी पकडायची असेल, तर मुंबईकरालाही मद्रासचेच घड्याळ मानावे लागे.

हे घड्याळ मद्रासच्या सरकारी वेधशाळेत होते. ठरावीक तारे बरोबर मध्यान्हवृत्तावर कधी येतात ते दुर्बिणीतून पाहायचे, त्यावरून घड्याळ लावायचे आणि तारायंत्राने वेळेचा इशारा पाठवायचा, असा तिथला नित्यक्रम. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची गाडी शेवटी ताऱ्यांच्या हिशोबानेच सुटत होती. १८६१ पासून १८९१ मधल्या मृत्यूपर्यंत या वेधशाळेचे प्रमुख होते नॉर्मन पॉगसन. आपली लाइन आसनसोलला जोडली गेली, त्याच वर्षी ते वारले.

हेच पॉगसन मद्रासला येण्यापूर्वी ऑक्सफर्डच्या वेधशाळेत साहाय्यक होते. १५ डिसेंबर १८५५ च्या रात्री लंडनमध्ये जॉन रसेल हिंड यांना मिथुन राशीत एक अनोळखी तारा दिसला. प्रत साधारण नववी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. काही दिवसांत तो मंदावला आणि नाहीसा झाला. असे तारे पूर्वीही दिसले होते. त्यांना नवतारा म्हणत, आणि एकदा विझला की विषय संपला अशीच समजूत होती. पण १८५६ च्या मार्चमध्ये पॉगसन यांना तोच तारा त्याच जागी पुन्हा पेटलेला दिसला! शिवाय त्याचा प्रकाश स्थिर नाही, क्षणाक्षणाला थरथरतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. या ताऱ्याला पुढे यू जेमिनोरम हे नाव पडले. पेटायचे, आठ-दहा दिवसांत विझायचे, मग सरासरी शंभरेक दिवस गप्प राहायचे आणि पुन्हा पेटायचे, असा त्याचा खेळ तेव्हापासून चालू आहे. शंभर ही फक्त सरासरी. कधी दोन महिन्यांतच पाळी येते, कधी सहा महिने वाट पाहायला लावतो. या जातीच्या ताऱ्यांना ड्वार्फ नोव्हा म्हणतात. आपण खुजा नवतारा म्हणू.

ताऱ्यांच्या प्रती मोजण्याची आज जगभर वापरली जाणारी पट्टीही पॉगसन यांचीच, त्याच १८५६ सालची. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीचपट (नेमके २.५१२) फरक; पाच प्रती म्हणजे शंभरपट. यू जेमिनोरम गप्प असताना चौदाव्या प्रतीचा असतो आणि पेटला की नवव्या प्रतीचा होतो. म्हणजे एक-दोन दिवसांत शंभरपट उजेड! मद्रासलाही पॉगसन यांनी रूपविकारी ताऱ्यांचा, म्हणजे तेज बदलणाऱ्या ताऱ्यांचा, अभ्यास चालू ठेवला. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ साली आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा शोधला. असा शोध नावावर असलेले ते पहिले भारतीय समजले जातात.

आता मुद्द्याची गोष्ट. हा तारा असे का करतो, हे जवळजवळ शंभर वर्षे कुणालाच उलगडले नाही. उलगडले ते ग्रहणामुळे.

ताऱ्यांनाही ग्रहण लागते. ययाती तारकासमूहातला अल्गोल हा तारा दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी मंद होतो आणि काही तासांत पूर्ववत होतो. १७८३ मध्ये इंग्लंडमधल्या जॉन गुडरिक या बहिऱ्या तरुणाने त्याचे वेळापत्रक बसवले. तेव्हा त्याचे वय जेमतेम अठरा! एक तारा दुसऱ्याच्या आड येत असेल, हा त्याचा तर्क पुढे खरा ठरला. अशा जोड्यांना पिधानकारी युग्मतारे म्हणतात. इथे आमच्यासारख्यांचे लक्ष लगेच लागते, कारण ही सरळ वेळापत्रकाची बाब आहे. ग्रहण किती वाजता अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात किती वाजता झाले, यातल्या फरकाचा आलेख ज्योतिषी वर्षानुवर्षे ठेवतात. कंट्रोल ऑफिसातला गाड्यांच्या उशिराचा तक्ता आणि तो आलेख शेजारी ठेवले, तर कुठला कशाचा हे लांबून कळायचे नाही. आणि आपल्याकडे गाडी लेट का झाली याची चौकशी होते, तशी तिथेही होते. ग्रहणे हळूहळू लवकर येऊ लागली, मग पुन्हा उशिरा, तर समजायचे की ही जोडी स्वतःच एखाद्या तिसऱ्या, न दिसणाऱ्या ताऱ्याभोवती फिरते आहे. ती दूर असते तेव्हा उजेडाला आपल्यापर्यंत यायला जास्त वेळ लागतो, एवढेच.

खुज्या नवताऱ्यांमध्येही जोड्या आहेत, हे १९५०-६० च्या सुमारास अमेरिकेत अल्फ्रेड जॉय आणि रॉबर्ट क्राफ्ट यांच्या कामातून दिसून आले. आणि १९६५ मध्ये क्शेमिन्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने यू जेमिनोरमला ग्रहण लागते हे प्रसिद्ध केले. दर सव्वाचार तासांनी एक! हिंड यांनी तो पाहिला तेव्हापासून आजवर त्याला साडेतीन लाखांच्या आसपास ग्रहणे लागून गेली, आणि पहिली एकशे नऊ वर्षे त्यांचा कुणाला पत्ताही नव्हता.

पण ग्रहणात झाकले काय जाते? उत्तर गमतीचे निघाले. जोडीतला एक तारा आपल्या सूर्यापेक्षा लहान आणि लालसर. दुसरा श्वेत बटू, म्हणजे सूर्याएवढा ऐवज पृथ्वीएवढ्या गोळ्यात ठासून भरलेला. दोघांमधले अंतर सूर्याच्या व्यासापेक्षाही कमी. इतक्या जवळून फिरताना लाल ताऱ्याचा वायू ओघळून श्वेत बटूकडे जातो, पण सरळ त्याच्यावर पडत नाही. त्याच्याभोवती फिरत राहतो आणि त्याची तबकडी बनते. वायूची धार तबकडीच्या कडेवर जिथे आदळते तिथे एक तप्त ठिपका उजळतो. यू जेमिनोरममध्ये झाकला जातो तो मुख्यतः हा ठिपका आणि तबकडीचा काही भाग. श्वेत बटू बाहेरच राहतो. हे चित्र १९७१ मध्ये ब्रायन वॉर्नर आणि एडवर्ड नेथर यांनी, तसेच पोलंडमध्ये स्माक यांनी स्वतंत्रपणे मांडले. पेटण्याचे कारण तबकडीतच आहे, हे १९७४ मध्ये जपानचे ओसाकी यांनी सुचवले. आपल्या मंडळात भिलाई मार्शलिंग यार्डात नोकरी केलेले बरेच जण आहेत, त्यांना हे चटकन कळेल. माल येत राहतो, पुढे लाइन मिळत नाही, यार्ड भरत जाते. मग लाइन मोकळी झाली की साचलेले सगळे एकामागून एक सुटते. तबकडीत वायू साचतो, एका मर्यादेपलीकडे तापतो आणि लोटच्या लोट श्वेत बटूवर कोसळतो. तीच ती शंभरपट झळाळी. मग यार्ड रिकामे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

काही खुज्या नवताऱ्यांना खुद्द श्वेत बटूचेच ग्रहण लागते. शर्मिष्ठेतला एचटी कॅसिओपिया हा त्यातला प्रसिद्ध. त्याची प्रदक्षिणा एकशे सहा मिनिटांची, म्हणजे रायपूर-बिलासपूर प्रवासाएवढी. श्वेत बटू आड जातो तो मिनिटाच्या आत. त्या सेकंदांवरून त्याचा व्यास काढता येतो. खांबापाशी उभे राहून गाडीचा वेग आणि खांब ओलांडायला लागलेला वेळ यांचा गुणाकार केला की गाडीची लांबी निघते. शाळेत आपण सगळ्यांनीच ही गणिते सोडवली आहेत. शेकडो प्रकाशवर्षांवरच्या, कोणत्याही दुर्बिणीत ठिपक्यापलीकडे न दिसणाऱ्या गोळ्याची मापे याच गणिताने निघतात. हा एचटी कॅसिओपिया मोठा लहरी. मोठी झळाळी येऊन गेल्यावर पंचवीस वर्षे तशी पुन्हा आली नाही. आली ती नोव्हेंबर २०१० मध्ये, आणि ती प्रथम लक्षात आली एका हौशी निरीक्षकाच्या.

इथे आपल्या माणसांकडे वळतो. या इतिहासात मराठी मुलुखाचा वाटा काय? एक जागा अशी होती की जिथे हे काम होऊ शकले असते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि सरकारच्या मदतीने पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली. तिच्यात वीस इंची परावर्तक दुर्बीण होती, त्या काळी देशात सर्वांत मोठी. ती सांभाळत होते कावसजी दादाभाई नायगमवाला, पारशी गृहस्थ, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे विद्यार्थी. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण टिपायला त्यांनी तळ ठोकला तो सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर या रेल्वे स्टेशनाजवळ. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथेच उतरली होती. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची, आणि तेवढ्यासाठी लोक समुद्र ओलांडून आले. पण नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली! यंत्रे कोडाईकनालला गेली. माणूस निवृत्त झाला म्हणून स्टेशन बंद केल्याचे कुणी ऐकले आहे का? मला या गोष्टीची चुटपुट नेहमी लागते. जी दुर्बीण रोज रात्री वापरली असती तर चौदाव्या प्रतीचा यू जेमिनोरम आरामात दाखवू शकली असती, ती पुण्यातून हलली.

त्याच वर्षी, १९१२ मध्ये, बंगालमधल्या जेसोरला राधागोविंद चंद्र नावाच्या गृहस्थाने तीन इंची दुर्बीण विकत घेतली. हे कलेक्टर कचेरीच्या खजिन्यात कारकून. पगार पंधरा रुपयांपासून सुरू झालेला, मॅट्रिकची परीक्षा शेवटपर्यंत सुटली नाही. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात नवतारा झळकला, तो त्यांना स्वतंत्रपणे दिसला. त्यांनी हार्वर्डला कळवले. तिथून उत्तर आले, आणि ते रूपविकारी तारे पाहणाऱ्यांच्या अमेरिकन संस्थेचे, म्हणजे १९११ साली स्थापन झालेल्या एएव्हीएसओचे, सभासद झाले. पुढे १९२६ मध्ये त्या संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीणच पाठवून दिली. दिवसा खजिन्यातली मोजदाद, रात्री ताऱ्यांच्या प्रतींची! १९५४ पर्यंत त्यांनी सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. फाळणीनंतर ते भारतात आले, बारासतला राहिले आणि १९७५ मध्ये वारले. ती दुर्बीण पुढे वेणू बापू यांच्याकडे आणि त्यांच्यामार्फत तामिळनाडूतल्या कावलूरला गेली. पुण्याच्या वेधशाळेला महाराजांचे पाठबळ होते, सरकारचे होते. जेसोरच्या कारकुनाला पोस्टाच्या तिकिटापलीकडे काही नव्हते. पण त्याने नोंदी दर महिन्याला बाहेर पाठवल्या, म्हणून त्या आजही वापरात आहेत.

मराठी माणसाने या विषयात खरे काम केले ते हैदराबादला. कृष्ण दामोदर अभ्यंकर, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचे पीएच.डी., उस्मानिया विद्यापीठात ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक आणि निजामिया वेधशाळेचे संचालक. या विद्यापीठाने शहराबाहेर जपाल-रंगापूरला अठ्ठेचाळीस इंची दुर्बीण बसवली. तिथे पिधानकारी युग्मताऱ्यांचा प्रकाश विद्युत उपकरणाने मोजण्याचे काम अनेक वर्षे चालले. वर सांगितलेला उशिराचा आलेख, त्यावरून तिसऱ्या अदृश्य जोडीदाराचा माग काढणे, हा अभ्यंकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा खास प्रांत. त्यांचे तारे बहुतेक अल्गोलच्या जातीचे किंवा एकमेकांना चिकटलेले, खुजे नवतारे नव्हेत. पण रीत तीच. १९७२ मध्ये भारतीय खगोलशास्त्रज्ञांची संस्था स्थापन झाली तीही उस्मानियातच. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास ग्रहण जपाल-रंगापूरवरूनच गेले, हा एक योगायोग. अभ्यंकर २००७ मध्ये वारले. आपल्या प्राचीन ज्योतिषावरही त्यांनी पुष्कळ लिहिले आहे. महाराष्ट्राबाहेर राहून त्यांनी उभे केलेले हे काम आपल्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना माहीत असायला हवे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिले.

पुण्यात १९४४ साली ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली, हौशी आकाशनिरीक्षकांची देशातली सर्वांत जुनी संस्था. १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी आयुका उभी केली, आणि २००६ मध्ये जुन्नरकडच्या गिरावलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. वीस इंची दुर्बीण पुणे सोडून गेली त्याला तोवर जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती. लडाखमध्ये हानले येथे २०१८ पासून सत्तर सेंटिमीटरची एक दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची. ती रात्री आपली आपण चालते आणि अचानक पेटणाऱ्या ताऱ्यांच्या मागावर असते.

मग आता साध्या माणसाने रात्र जागवायची कशाला, असा प्रश्न येतो. यंत्रे आहेत, उपग्रह आहेत. याचे उत्तर पृथ्वीच्या गोलपणात आहे. दर सव्वाचार तासांनी ग्रहण लागणाऱ्या ताऱ्यावर चोवीस तास पहारा ठेवायचा, तर देशादेशांत माणसे हवीत. जपानात पहाट होत आली आणि युरोपात तारा अजून वर चढतो आहे, अशा वेळी तो आपल्या डोक्यावर असतो. मोठ्या दुर्बिणी एकाच ताऱ्यावर रात्रभर खिळून राहू शकत नाहीत, त्यांच्याकडे मागणाऱ्यांची रांग असते. आठ इंची दुर्बीण आणि तिच्यावर बसवलेला साधा डिजिटल कॅमेरा असेल, तर यू जेमिनोरम गप्प असतानाही त्याचे ग्रहण टिपता येते. दर मिनिटाला एक फोटो, शेजारच्या स्थिर ताऱ्यांशी तुलना आणि घड्याळ सेकंदाला बरोबर. शेवटची अट आपल्या खात्यातल्या लोकांना अवघड वाटू नये!

सिलतऱ्याहून मात्र हे जमणार नाही. इथल्या भट्ट्यांचा उजेड आणि धूर यांत सप्तर्षी पुरे मोजता आले तरी नशीब. मुलांना आकाशगंगा दाखवायची तर महानदीपलीकडे सिरपूरच्या बाजूला जावे लागते. भट्ट्यांवर आपल्यापैकी अनेकांची घरे चालतात हे खरेच आहे. पण दिव्यांचे तोंड खाली वळवायला भट्टी विझवावी लागत नाही, एवढे इथे नोंदवून ठेवतो.

ज्यांना पाहायचे आहे त्यांच्यासाठी. चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात. ताऱ्यांना ती बंदी नाही. गणपतीच्या दिवसांत ढग बाजूला झाले तर पहाटे चारनंतर पूर्वेला मिथुन वर आलेली असते. पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांच्या दक्षिणेला, कर्क राशीच्या हद्दीजवळ, यू जेमिनोरमची जागा आहे. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत तो रात्रीचा बराच वेळ असतो, खरा हंगाम तोच. चार-सहा इंची दुर्बिणीत तो फक्त पेटलेला असतानाच दिसेल. शेजारचा थोडा ठळक आणि थोडा अंधुक असे दोन तारे नकाशावरून निवडायचे, आपला तारा दोघांच्या मधे कुठे बसतो ते ठरवायचे आणि वेळेसह लिहायचे. दुर्बीण नसेल तर अल्गोल नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याच्या ग्रहणांच्या वेळा आधी ठरलेल्या असतात, त्या मिळवून एका रात्रीत अर्ध्या-अर्ध्या तासाने पाहिले तरी फरक कळतो.

आणि बहुतेक रात्री यू जेमिनोरमच्या जागी काहीच दिसणार नाही. तेही वहीत लिहायचे: तारीख, वेळ, 'बाराव्या प्रतीपेक्षा अंधुक, दिसला नाही'. एएव्हीएसओकडे ही नोंद पूर्ण नोंद म्हणूनच धरली जाते. तारा पेटला कोणत्या रात्री, हे आदल्या रात्री तो न दिसल्याच्या नोंदीवरूनच ठरते.